सोल्डरिंग गन तुझ्या हातात हवी

बेटा,

काल फोनवर तू "जाऊ दे ना आई" म्हणून ठेवून दिला, पण मला काही झोप नाही आली. लॅबच्या ग्रुपमधली पोरं म्हणतात तुझं अक्षर छान आहे, तू फाईल लिही, सर्किट आम्ही करतो, आणि तू दोन महिन्यांपासून फाईलच लिहून राहिली. हे मला अजिबात आवडलं नाही.

आठवते का, सहावीत असताना मे महिन्यात आपला कूलर बंद पडला होता? मेस्त्री दोन दिवस आलाच नाही. तू पंप उघडला, आतल्या पंख्यावर क्षाराचा पांढरा थर बसला होता, तो जुन्या टूथब्रशने लिंबू लावून घासत बसली आणि संध्याकाळी कूलरच्या गवताच्या ताट्यांवरून पाणी वाहायला लागलं. तीच पोरगी आज म्हणते मला नाही जमणार?

मला बारावीनंतर इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा होता, घरचे म्हणाले पोरीच्या जातीला वर्कशॉप कशाला, आणि मी गप्प बसले. ते गप्प बसणं अजून टोचतं म्हणून एवढं लिहून राहिली.

आपण इथे नागपूरच्या रमण सायन्स सेंटरला किती वेळा गेलो असू. ज्यांचं नाव त्या बिल्डिंगला आहे ते सर सी. व्ही. रमण, 1930 चं नोबेल, एवढा मोठा माणूस, पण 1933 मध्ये कमला भागवत (लग्नानंतर सोहोनी) बंगलोरला रमण डायरेक्टर असलेल्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आताची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) रिसर्च करायला गेल्या तर त्यांनीच नाही म्हटलं, कारण काय तर मुलगी. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली आलेली मुलगी, वडील आणि काका तिथेच शिकलेले! कमलाताई परत नाही आल्या, अडून बसल्या. शेवटी एक वर्ष प्रोबेशनवर घेतलं, रेग्युलर विद्यार्थी म्हणून नाही. तो अपमानच होता, पण लॅबमधली जागा त्यांनी सोडली नाही. काम पाहून रमणांना मत बदलावं लागलं, पुढे तिथे मुलींना घ्यायला लागले. 1939 मध्ये कमलाताईंनी केंब्रिजची पीएचडी केली, बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींमधल्या सायटोक्रोम सी वर, म्हणजे पेशींच्या श्वसनात लागणाऱ्या एका प्रथिनावर.

आणि त्याच रमणांच्या लॅबमध्ये 1940 मध्ये अ‍ॅना मणी आल्या. हिरे-माणकांवर पाच पेपर लिहिले तरी एम.एस्सी. नाही म्हणून पीएचडी दिली नाही. मग इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणं शिकल्या आणि 1948 मध्ये पुण्यालाच हवामान खात्यात लागल्या, तू शिवाजीनगरला ज्या शिमला ऑफिससमोरून जाते ना, त्याच खात्यात. तेव्हा साधी उपकरणंसुद्धा बाहेरून यायची. त्यांनी जवळजवळ शंभर उपकरणांची ड्रॉइंग्ज पक्की करून ती भारतातच बनवायला लावली. आता इथे पारा 45 च्या वर गेला की मला त्यांची आठवण येते, खरंच.

तर सोमवारी लॅबमध्ये फाईल फिरती ठेवायची, दर आठवड्याला वेगळा माणूस लिहील असं सरळ सांग. भांडण नको, पण हसून सोडूनही देऊ नको. ऐकलं नाही तर मॅडमकडे जा. जॉइंट चुकले तरी चालतील, पोरांचे पण चुकतातच.

बर्डीच्या मार्केटमधून सोल्डरिंग गन आणि थोडी तार घेतली, कुरिअरने पाठवली, शनिवारपर्यंत मिळेल, रूमवर हात बसव. कूलरचा पंप परत आवाज करून राहिला आहे, बाबा मेस्त्रीला बोलवत होते, मी थांबवलं. तू वीस तारखेला येते ना, तूच उघड.

आई