ती हवा नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत मोबाइलची फुगलेली बॅटरी सुईने टोचून 'हवा काढण्याचा' घरगुती उपाय वाचला. सदरलेखकांनी तो स्वतः करून पाहिला असल्यास त्यांची प्रकृती कशी आहे, तेवढे कृपया कळवावे.

लिथियम आयन बॅटरीत हवा भरलेली नसते हो! आत पेट घेणारी द्रावके असतात आणि त्यांत लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट नावाचा क्षार विरघळवलेला असतो, साधारणपणे लिटरला 150 ग्रॅम. लिथियमच्या आयनांची ये-जा त्याच्याच जिवावर चालते. पण या क्षाराचे आणि पाण्याचे हाडवैर. नुसती दमट हवा लागली तरी हायड्रोजन फ्लोराइड हा जहरी वायू सुटू लागतो, जो काचेलाही सोडत नाही. म्हणून तर कारखान्यात हे द्रावण मुद्दाम कोरड्या ठेवलेल्या खोलीत भरतात. आणि आपण ऐन पावसाळ्यात, पुण्यात, जिथे डब्यातला चिवडासुद्धा सादळतो, तिथे वाचकांच्या हाती सुई देता!

गेल्या वर्षी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याने माझ्यादेखत हाच पराक्रम केला. "काका, गॅस आहे नुसता," म्हणत त्याने स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. फस्सकन धूर आला, डोळ्यांतून पाणी आणि घशात आग. मी त्याला ओढून बाहेर रस्त्यावर आणले, तर हा पठ्ठ्या खोकत खोकत मलाच म्हणतो, "तुम्ही बोलत बसलात म्हणून हात सटकला." वर नव्या बॅटरीचे पैसे आगाऊ मागितले. रसायनशास्त्र शिकवण्यात हयात गेली माझी. पण ऐकतो कोण? फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये, दाबू नये, टोचू नये आणि ई-कचऱ्यात द्यावी. एवढे छापायला चौकट लागत नाही.

त्याच पानावर 'सोडियम बॅटरी आली की धोका संपला' असेही ठोकून दिले आहे. त्यांतही बरेचदा सोडियम हेक्साफ्लोरोफॉस्फेटच असते, आणि पाण्याशी त्याचेही पटत नाही.

जाता जाता: मागे तुंबलेल्या गटारांवरचे माझे पत्र आपण असे काही कापलेत, की मी नगरसेवकांचे आभार मानतोय असे वाटावे. शेजारी अजून हसतात. या वेळी कात्री चालवायचीच असेल तर दुरुस्तीवाल्यावर चालवा. क्षाराचे नाव मात्र पुरते छापा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोथरूड, पुणे