व्यवस्थापन शिकवायचे ते कशासाठी?

नेरूळ, नवी मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास की, आमच्यासारख्या व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांतून बाहेर पडणारी मुले तुमच्या ठाण्याच्या कचेरीत रुजू झाल्यावर निदान सहा महिने तरी काही कामाची नसतात, तेव्हा अभ्यासक्रम उद्योगांना विचारूनच ठरवायला हवा. तुझी तक्रार खोटी नाही, परंतु तिच्यावर तू सुचवलेला उपाय मला पटत नाही. का पटत नाही हे फोनवर मांडता आले नसते, म्हणून सविस्तर लिहितो.

या शिक्षणाचा आरंभ ज्या हेतूने झाला तो आजच्या मानाने बराच मोठा होता. जोसेफ व्हॉर्टन या उद्योगपतीने १८८१ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला देणगी दिली, तेव्हा खाजगी व्यवसायाबरोबरच सार्वजनिक कारभारही सचोटीने सांभाळू शकतील अशी माणसे घडावीत, अशी त्याची अपेक्षा होती. १९०८ मध्ये हार्वर्डची संस्था निघाली. पुढे १९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी प्रतिष्ठानांच्या अहवालांनी या संस्थांच्या सुमार अध्यापनावर कोरडे ओढले आणि त्यानंतर अर्थशास्त्र, संख्याशास्त्र व संशोधन यांना तेथे मानाचे स्थान मिळाले. ही सुधारणा आवश्यकच होती. पण कायद्याच्या आणि प्रचलित नीतीच्या चौकटीत राहून नफा वाढवणे हेच धंद्याचे सामाजिक कर्तव्य, असे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडले, आणि त्यातली चौकट मागे पडून नफा तेवढा आमच्या वर्गांत उरला. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर हार्वर्डच्याच काही विद्यार्थ्यांना जबाबदारीने वागण्याची शपथ तयार करावीशी वाटली, यावरून शिक्षणात काय राहून गेले होते ते दिसते.

आपल्याकडे १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद येथे व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या त्या देश उभारणीच्या काळात, आणि १९७९ मध्ये वर्गीस कुरियन यांनी आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली ती शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना चांगले व्यवस्थापक मिळावेत म्हणून. तेथे विद्यार्थ्याला खेड्यात राहून काम करावे लागते. आज मात्र आमच्या माहितीपुस्तिकेत सर्वांत ठळक छापला जातो तो पॅकेजचा आकडा. मुलांना मी दोष देत नाही. कर्ज काढून लाखांत फी भरणाऱ्या मुलाने आधी नोकरीचा विचार करावा, हे रास्तच आहे.

आता वर्गात घडलेली एक गोष्ट सांगतो. शेतमालाच्या पुरवठा साखळीवर मुलांच्या एका गटाने सादरीकरण केले. त्यात माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या, मंडळाकडे मजुरीखेरीज भरावी लागणारी लेव्ही त्यांनी 'टाळता येण्याजोगा खर्च' या रकान्यात टाकली होती. आकडेमोड बिनचूक होती. मी त्यांना वाशीच्या बाजार समितीतील (एपीएमसी) कांदा-बटाटा बाजारात घेऊन गेलो. पहाटेच्या गाड्या लागलेल्या होत्या, टोळीतले लोक पाठीवर गोणी घेऊन फळीवरून उतरत होते आणि मुले दोन गाड्यांमधल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून उभी होती. टोळीच्या मुकादमाने त्यांना समजावून सांगितले की मजुरी आणि लेव्ही मंडळाकडे जमा होते आणि त्यातूनच भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि दवाखान्याची सोय होते. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीचे आणि १९६९ च्या माथाडी कायद्याचे हे फळ आहे, हे आमच्या एकाही पाठ्यपुस्तकात नाही.

गोष्ट इथेच संपली असती तर ती फार सोपी झाली असती. पण त्या गटात निफाड तालुक्यातली एक शेतकऱ्याची मुलगी होती. तिने मुकादमाला अदबीने विचारले, "काका, आमच्या विक्रीच्या पट्टीतून हमाली आणि तोलाई कापली जाते. भाव पडला की हातात काहीच उरत नाही. मग आम्ही कुणाकडे बघायचं?" मुकादम थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "पोरी, माझाही भाऊ गावाकडं कांदाच करतो."

मित्रा, व्यवस्थापनाचा खरा प्रश्न हा आहे. दोघांची बाजू रास्त असताना खर्च कोणाच्या माथी मारायचा, कोणाचे कष्ट कमी करायचे, गोणीचे वजन किती ठेवायचे, मधल्या कोणत्या टप्प्याची खरोखर गरज नाही, हे ठरवायला हिशोब तर आलाच पाहिजे. पण त्या हिशोबात कोणाला धरले आणि कोणाला वगळले, याचे उत्तरही देता आले पाहिजे. या शिक्षणाचे प्रयोजन मला विचारशील तर, दुसऱ्यांच्या श्रमाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार ज्याला मिळणार आहे त्याला त्या अधिकाराच्या लायकीचे करणे, हे आहे. तुझ्या कंपनीचे सॉफ्टवेअर तुझी माणसे त्याला पंधरा दिवसांत शिकवतील. ही समज मात्र विशीत आली नाही तर पुढे पदाच्या उतरंडीत ती येण्याचा संभव फार कमी असतो.

म्हणून आमच्या विभागात मी असे सुचवले आहे की, दोन वर्षांतले एक सत्र प्रत्येक विद्यार्थ्याने बाजार समितीत, वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लहान कारखान्यात, सहकारी पतसंस्थेत किंवा महापालिकेच्या रुग्णालयात काढावे, आणि त्याच्या अहवालाच्या तोंडी परीक्षेला तिथे काम करणारा माणूसही परीक्षक म्हणून बसावा. काही सहकाऱ्यांना हे समाजकार्याच्या पदवीसारखे वाटते. प्लेसमेंट कक्षाला तर याची धास्तीच वाटते, कारण तेवढे महिने कंपन्यांच्या प्रकल्पांतून कमी होतील.

इथे मला तुझी मदत हवी आहे. मुलाखती घ्यायला तू आमच्याकडे येशील, तेव्हा प्रत्येक उमेदवाराला एवढेच विचार की, तुझ्या उन्हाळी प्रकल्पातली शिफारस अमलात आली असती तर तिचा भार कोणावर पडला असता, आणि त्या माणसाशी तू बोललास का? त्या उत्तराला तुझ्या गुणतक्त्यात खरोखरीचे गुण दे. मुलाखतीत काय विचारले गेले हे संध्याकाळपर्यंत साऱ्या वसतिगृहाला कळते, आणि पुढच्या तुकडीची मुले तेवढ्याच धाकाने का होईना, प्रकल्पाच्या जागी चार माणसांशी बोलून येतील. तुमच्या वरिष्ठांना हे कसे पटवायचे ते तू माझ्यापेक्षा चांगले जाणतोस. जमेल की नाही ते कळव, म्हणजे विभागाच्या पुढच्या बैठकीत मला तसे सांगता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र