आई, त्या 57 टक्क्यांत तू नाहीस

ती. आई आणि ती. बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

फोनवर तुझ्या कमी झालेल्या रक्ताचा विषय काढला की आई, तू लगेच ‘बंगळूरला पाऊस आहे का गं?’ विचारतेस आणि मागून बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून लिहायला घेतलं. ठरलेलं आधी सांगते, मग काय रागवायचं ते रागवा. गौरींच्या आधीच्या बुधवारी सकाळी आईची दुर्बिणीची तपासणी आहे, जठराची आणि मोठ्या आतड्याची, दोन्ही एकाच दिवशी. मी सोमवारी रात्रीच पुण्यात पोचते. डॉक्टरांशी बोलून झालंय, पैसेही भरून झालेत. (हे मुद्दाम सांगतेय, कारण भरलेले पैसे वाया घालवणं तुम्हा दोघांनाही या जन्मात जमणार नाही.)

तुला विचारलं असतं तर ‘गौरी-गणपती होऊ देत’ म्हणाली असतीस. मग पितृपक्ष, मग नवरात्र, मग दिवाळीचा फराळ. मला तोवर थांबवलं नसतं. गणपतीत चार माणसं घरी येणार, तू उभी राहणार, आणि ‘बस गं जरा’ म्हणायला मी सगळे दिवस तिथे नसणार. तुझ्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 8.4 आहे, बाईला ते निदान 12 तरी हवं. मागच्या वेळी आले तेव्हा तू दुसऱ्या मजल्यावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधत होतीस. किल्ली बाबांकडे होती, आई. मला पर्वतीवर हाताला धरून ओढत नेणारी तू, वर पोचल्यावर मलाच धाप लागायची आणि तू हसायचीस.

तुझं म्हणणं मला पाठ आहे: ‘आपल्याकडे सगळ्याच बायकांचं रक्त कमी असतं.’ अगदी खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, देशातल्या 57 टक्के बायकांना अॅनिमिया निघाला, आपल्या महाराष्ट्रात 54.2 टक्के. त्याआधीच्या 2015-16 च्या फेरीत देशाचा आकडा 53.1 होता. म्हणजे मधे 2018 मध्ये ‘अॅनिमिया मुक्त भारत’ ही सरकारी मोहीम सुरू होऊनही तो वाढलाच. बाबा, तुम्ही म्हणाल की बोटाला टोचून काढलेल्या रक्ताचा हा हिशेब, शिरेतून घेतलं तर आकडा खाली येईल. काही तज्ज्ञही तेच म्हणतात, मान्य. थोडा खाली आणा हवा तर, तरी थोडाथोडका राहत नाही. मीसुद्धा त्यातलीच आहे. इथे तपासलं तर 10.8 निघालं, आणि मी तर इतकी वर्षं ऑफिसचा शीण समजत होते.

पण ते सर्वेक्षण कुणाचं आहे बघ. 15 ते 49 वयाच्या बायकांचं. तू 68 वर्षांची आहेस, तुला त्यात कुणी मोजलेलंच नाही. आमच्या वयात रक्त कमी होण्याचं मोठं कारण म्हणजे दर महिन्याची पाळी, बाळंतपणं आणि सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेलं जेवण. तुझी पाळी जाऊन किती वर्षं झाली! मग लोह जातंय कुठे? डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला आणि तो माझ्या डोक्यातून जाईना.

त्यांनी समजावलं ते असं. शरीराला लोह बाहेर टाकायची वेगळी सोयच नाही. रोज एक-दोन मिलिग्रॅम झिजतं आणि जेवणातून शोषलंही तेवढंच जातं. एक मिलिलीटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. रोज चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिलिलीटर रक्त पोटात कुठे झिरपत असेल तर अडीच मिलिग्रॅम गेलं. डोळ्याला काही दिसत नाही, दुखतही नाही, पण साठा रिकामा होत जातो. तुझं फेरिटिन 7 आलंय, ते त्या साठ्याचंच माप. आणि तू गुडघ्यांसाठी मनानेच ती वेदनाशामक गोळी घेतेस, वर हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली अॅस्पिरिन. या दोन मिळून जठराला जखम करू शकतात. बहुधा तसंच काहीतरी साधं निघेल. क्वचित वेगळंही निघतं, पण तेही लवकर कळलेलं बरं. मी असेन ना बरोबर. भूल हलकीच देतात, तुला झोप लागेल आणि उठशील तेव्हा सगळं आटोपलेलं असेल.

तुला आठवतं, तांदूळ निवडताना तू चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकायचीस आणि आजी रागवायची? लोह कमी असलं की असलं काहीबाही खावंसं वाटतं म्हणे. मी शेजारी बसून तुझ्या ताटलीतले खडे मोजायचे. तेव्हापासूनच असेल का गं तुझं हे?

असो. आता ऐका. गुडघ्याची ती गोळी आजपासून बंद, दुसरी डॉक्टर देतील. अॅस्पिरिन मात्र मनाने बंद करायची नाही, ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील. लोहाची गोळी दिवसाआड, उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियमची रात्री, दोन्ही एकत्र नकोत. आतड्याच्या तपासणीआधी लोहाची गोळी काही दिवस थांबवावी लागते, तारीख मी कळवेन. गोळीने शौचाला काळसर होतं, त्याला घाबरू नकोस, पण डांबरासारखं चिकट काळं दिसलं तर रात्री दोन वाजतासुद्धा मला फोन कर. आणि हिमोग्लोबिन वर आलं की गोळ्या सोडायच्या नाहीत, साठा भरायला पुढे तीनेक महिने लागतात.

बाबा, जेवण झाल्या झाल्या ‘अर्धा अर्धा कप घेऊ या’ हे तुमचं बंद. चहामुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. दोन तासांनी घ्या, खुशाल पूर्ण कप घ्या. मंडईतून रोज बीट आणता ते प्रेमाने आणता, मला कळतं, पण त्याचा लाल रंग रक्तात जात नाही. त्यापेक्षा मेथी, राजगिरा, मोड आलेली मटकी आणा आणि वर लिंबू पिळा. तुमचंही रक्त तपासायला त्याच दिवशी देऊ. त्या सर्वेक्षणात पुरुषांतही 25 टक्क्यांना अॅनिमिया निघाला, तुम्हीच काय सुटलात?

शेवटचं, आणि आई, हे वाचून ओठ मुडपू नकोस. पोळी-भाजीला मावशी ठरवल्यात, एक तारखेपासून येतील. तुझ्या ओट्यावर कुणी आलेलं तुला आवडत नाही, म्हणून त्यांना बजावलंय की फोडणी तूच देशील, स्टुलावर बसून. उकडीचे मोदक यंदा बाहेरून सांगितलेत. नैवेद्याचे अकरा तेवढे घरचे. उकड मी काढेन, कळ्या तू पाड.

मेडिक्लेमची फाईल कपाटात वरच्या खणात आहे, ती बाबा, आजच काढून ठेवा.

तुमची,
मनू