बेल्ट बघायला शिकवणाऱ्या अण्णांना

ती. अण्णा,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आभार मानायचे तर कशाबद्दल ते नीट सांगून मानावेत, आणि तुमच्या गॅरेजमध्ये इंजिनाच्या बेल्टबद्दल तुम्ही जे दाखवलंत ते घरात मोठी गाडी असणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

आमची इनोव्हा जुनी, अडीच लिटर डिझेलची. सासूबाईंचं अक्कलकोट, नणंदेचं हैदराबादहून येणंजाणं, लग्नसराई, सगळं तिच्यावरच. उन्हाळा लागला तसा सकाळी गाडी चालू केली की पुढून बारीक चीं चीं यायला लागलं. एसी लावला की जास्तच. तुमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी इंजिनाच्या पुढच्या, अल्टरनेटर आणि एसी फिरवणाऱ्या बेल्टवर स्प्रे मारून दिला होता, आणि आवाज परत आल्यावर थेट बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरच बदलायला सांगितलं होतं. तुम्ही इंजिन बंद करून बेल्टवरून बोट फिरवलंत, बोटाला लागलेली काळी चिकट मळी मला दाखवलीत आणि म्हणालात, "ताई, खाचांच्या बेल्टला असलं काही लावायचंच नसतं. आपल्याकडची धूळ त्यावर बसते आणि मग बेल्टचाही जीव जातो, पुलीचाही."

मग तुम्ही जे केलंत ते मी कधी पाहिलं नव्हतं. गाडी चालू ठेवून, हात लांब ठेवून, खाचांच्या बाजूवर बाटलीतून थोडंसं पाणी मारलंत. आवाज थांबला आणि थोड्या वेळात परत सुरू झाला. पाण्याने आवाज वाढला असता तर बेल्टचा ताण कमी. आपला थांबून परत आला, म्हणजे कुठली तरी पुली रेषेत नाही. गाडी बंद करून बेल्ट उतरवलात आणि एकेक पुली हाताने फिरवायला लावलीत, मलाच. बाकीच्या गुपचूप फिरल्या. बेल्टला नुसता आधार देणारी आयडलरची पुली मात्र बोटांना खरखर लागत होती आणि किंचित हलतही होती. बेअरिंग गेलं होतं. अल्टरनेटर ठणठणीत होता. हजारोंचं काम तुम्ही एका पुलीवर आणि एका बेल्टवर आणलंत. तुमच्या सचोटीचा हा एवढा एक दाखला पुरेसा आहे.

काढलेला बेल्ट मी हातात घेतला तेव्हा एकही भेग नव्हती. हा तर चांगला दिसतोय, असं मी म्हटल्यावर तुम्ही तो उलटा दुमडून नव्या बेल्टशेजारी धरलात. नव्याच्या खाचा अरुंद, जुन्याच्या रुंद आणि खोल झालेल्या. पूर्वीच्या निओप्रीनच्या बेल्टला भेगा पडायच्या, त्या बघून बदलायचा. आताचे बहुतेक बेल्ट ईपीडीएम रबराचे. त्यांना सहसा भेगा पडत नाहीत, ते टायरसारखे झिजत जातात. खाच खोल गेली की बेल्ट पुलीच्या तळाला टेकतो, पकड सुटते आणि तो घसरायला लागतो. वरून काळाभोर, आतून संपलेला. ही गोष्ट किती जणांना माहीत असेल?

आमच्याकडे आधी ओम्नी होती. सासरे तिचा बेल्ट अंगठ्याने दाबून बघायचे. ढिला वाटला की अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून ताणायचे. त्या साध्या व्ही-बेल्टला ते बरोबरच होतं. बेल्ट आपोआप ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर असलेल्या गाड्यांना अंगठ्याचा अंदाज लागू होत नाही, तिथे टेन्शनर थरथरतो का, त्याची स्प्रिंग थकलीय का ते बघायचं, हे तुम्ही सांगितलंत.

बेल्ट वाटेत तुटला तर काय होतं, हेही तुम्ही अगदी शांतपणे समजावलंत. आधी बॅटरीचा दिवा लागतो, पॉवर स्टिअरिंगचा पंप त्या बेल्टवर असेल तर स्टिअरिंग जड होतं, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तापमानाचा काटा वर चढायला लागतो. अशा वेळी पुढचं गाव गाठायचं नाही, गाडी बाजूला घेऊन बंदच करायची. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. एसी भरात, गाडीत माणसं भरलेली आणि तुळजापूरचा घाट पुढे, अशा वेळी इंजिन गरम व्हायला वेळ लागत नाही.

आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या ठेक्यात उघडमीट करायला लावणारा आतला बेल्ट! तो कव्हरच्या आत असतो, बाहेरून दिसत नाही, बहुधा तुटायच्या आधी आवाजही करत नाही. बाहेरचा बेल्ट तुटला तर गाडी थांबवावी लागते. टायमिंग बेल्ट तुटला तर आमच्यासारख्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि मग दुरुस्ती म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, हेड, उघडणंच. म्हणून तो बघून बदलायचा नसतो, गाडीच्या पुस्तकातले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल त्यावर बदलायचा. डॅशबोर्डवरचा टी-बेल्टचा, म्हणजे टायमिंग बेल्टचा, दिवा बेल्ट तपासत नाही, तो फक्त किलोमीटर मोजतो. बेल्ट न बदलताही तो दिवा कुणी विझवू शकतं. जुनी गाडी घेणाऱ्यांनो, दिवा लागलेला नाही यावर विसंबू नका, बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदलून घ्या. नंतरच्या इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ डिझेलला टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, त्यामुळे आधी आपल्या इंजिनात काय आहे ते विचारा. आणि कव्हरच्या आसपास तेल दिसलं तर थांबू नका, सील गळून तेल बेल्टवर गेलं की किलोमीटरचा हिशेब बाद.

अण्णा, त्या दिवशी तुमच्याकडे रांग होती. पोऱ्याशी तेलुगूत, टेम्पोवाल्याशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत असं तुमचं एकाच वेळी चाललेलं, आणि तरी एका बाईला काय कळणार असा भाव तुमच्या चेहऱ्यावर क्षणभरही आला नाही. बेल्ट काढण्याआधी त्याचा मार्ग मोबाइलवर टिपून ठेवायला सांगितलंत. ओढणी गाठ मारून मागे घ्यायला लावलीत. काही गाड्यांचा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो, म्हणून हात कुठे घालायचा नाही ते दाखवलंत. पुली बसवल्यावर परत पाणी मारून मलाच ऐकायला लावलंत. आवाज नव्हता.

आता आमच्याकडे सर्व्हिसिंगच्या वेळी बेल्ट उलटा करून बघितल्याशिवाय गाडी घरी येत नाही. टायमिंग बेल्टचं काम दिवाळीच्या आधी काढायचंय, सोबत त्याच्या पुल्या आणि टेन्शनरही. दिवस तुम्ही सांगा. शनिवार असला तर बरं, धाकटीला शाळा नसते, आणि कव्हर काढलेलं इंजिन तिला बघायचंय.

आपली नम्र,
जुळे सोलापूरहून