अपघातांच्या नोंदी वापरा, माणसे वाचवा

मा. संपादक,

राष्ट्रीय महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा ठरवण्याचा केंद्राचा निकष आहे: सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू. म्हणजे एवढी माणसे जायबंदी होईपर्यंत वाट पाहायची का? गोव्यातल्या डिचोलीसारख्या तालुक्यातल्या गावरस्त्यांना तर हा निकष लागूच पडत नाही. आमच्या वाटेवरच्या एका वळणावर साईडपट्टी चार बोटे खचली आहे, धोक्याचा फलक फांद्यांआड गेला आहे. डंपरला बाजू देताना स्कूटरचे चाक खाली उतरले की तोल गेलाच. अशी किरकोळ पडझड पोलिसांत सहसा जात नाही, पण पुढच्या मोठ्या अपघाताची सूचना तीच असते.

आज पोलीस ‘आयरॅड’ या केंद्राच्या अपघात-नोंद प्रणालीत अपघाताचे नेमके ठिकाण नोंदवतात. त्याला आरोग्य केंद्रांतल्या आणि 108 रुग्णवाहिकेच्या नोंदी जोडाव्यात, अर्थात रुग्णांची नावे वगळून. तालुकावार नकाशा लोकांसमोर ठेवावा, ग्रामसभेत त्यावर चर्चा व्हावी. आणि उपाय केल्यावर पुढची 3 वर्षे तिथली मोजणी सुरू ठेवावी. एखाद्या वाईट वर्षानंतर आकडा आपोआपही खाली येतो, म्हणून तशाच दुसऱ्या वळणांशी तुलना हवीच. गतिरोधक घालून फोटो काढणे म्हणजे सुधारणा नव्हे. आमच्या वळणापुरते तरी फांद्या छाटणे आणि साईडपट्टी भरणे पावसाळ्याआधी व्हावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, डिचोली