प्रश्न विचारलास की खडू खाली ठेव

लेस्टर, इंग्लंड

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद. ती. दादांना आणि सौ. वहिनींना साष्टांग नमस्कार.

तुझी बी.एड.ची इंटर्नशिप कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कुलात पडली असं दादांनी फोनवर सांगितलं, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय. फोनवर निम्मं राहून जातं, आणि हे तू पुन्हा पुन्हा काढून वाचावंस असं मला वाटतं. चंदगडातून बेळगावला जाऊन बी.एड. करणारी आपल्या घरातली तू दुसरी. माझे सराव पाठही त्याच तालुक्यात झाले, त्यामुळे तुझी शाळा कुठली हे न विचारताही तिथला पाऊस मला ऐकू येतोय.

आधी व्यवहाराचं उरकते. आमच्या वेळी बी.एड. एका वर्षाचं होतं. पाठापुरतं वर्गात जायचं, पाठ झाला की टाचणवही, म्हणजे पाठाचा आराखडा लिहायची वही, घेऊन बाहेर. 2015 पासून ते दोन वर्षांचं झालं, आणि शाळेतल्या कामाला एकूण 20 आठवडे मिळाले, त्यातले 16 दुसऱ्या वर्षी. तुला पोरांबरोबर राहायला मिळणार आहे. आम्हाला ते मिळालं नाही, म्हणून सांगते, ते 16 आठवडे पाठ मोजण्यात घालवू नकोस.

तू दहावी महाराष्ट्रात केलीस, तेव्हा तिथली रीत आधी समजून घे. हायस्कूल म्हणजे आठवी ते दहावी. दहावीला एसएसएलसी म्हणतात. एकूण 625 गुण, त्यात पहिल्या भाषेला 125 आणि बाकीच्या पाच विषयांना शंभर-शंभर. आपल्या पोरांची पहिली भाषा मराठी, पण कन्नडही त्यांना शिकावं लागतंच. वर्षभर एफए आणि एसए, म्हणजे अधल्यामधल्या आणि सत्राअखेरच्या चाचण्या, चालू असतात, त्यांचे तक्ते भरायला शिक्षकांना मदत कर, त्यातून बरंच कळतं. ऑफिसातली परिपत्रकं कन्नडात येतात. तू कन्नड वाचायला शीक. बसची पाटी वाचता आली की निम्मी भीती जाते. तिथल्या बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही, पण त्यासाठी कर्नाटकातला पत्ता लागतो आणि तुझं आधार कार्ड चंदगडचं आहे. पास काढ, कंडक्टरशी वाद घालू नकोस.

दुपारचं जेवण तिथं दहावीपर्यंत मिळतं, महाराष्ट्रात ते आठवीला थांबतं. त्या वेळी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसू नकोस, पोरांच्या पंगतीत जा. कोण किती लांबून चालत येतं, लावणीच्या दिवसांत कोण शेतात राबतं, कुणाच्या घरी आजी आजारी आहे, हे हजेरीपटावर नसतं. भात लावणीच्या आठवड्यात वर्ग ओकाबोका दिसला तर पोरं आळशी आहेत असं मनात आणू नकोस.

आता मुख्य गोष्ट.

कॉलेजात तुमच्याकडून सूक्ष्म पाठ, म्हणजे एकेका कौशल्याच्या सरावाचे छोटे पाठ, करून घेतले असतील. प्रश्न कौशल्य, स्पष्टीकरण, फलकलेखन, उद्दीपन बदल, म्हणजे आवाज-हालचाल बदलत वर्गाचं लक्ष धरून ठेवणं. ते सगळं उपयोगाचं आहे, मनापासून कर. पण निरीक्षक शेवटच्या बाकावर वही उघडून बसले की छात्राध्यापिकेचं सगळं लक्ष तिकडं जातं. तक्ता सरळ लागला का, हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते, म्हटलं का, वेळेत मूल्यमापनाशी आलो का. या गडबडीत प्रश्न विचारला जातो, एखादा हुशार हात वर येतो, उत्तर मिळतं, आणि गाडी पुढं. पाठ देखणा होतो, शेराही चांगला मिळतो. बाकीच्यांना काय समजलं हे मात्र कुणालाच कळत नाही.

मला ज्या वर्गावर पाठ मिळाले होते, त्या वर्गाचे विज्ञानाचे सर दाराजवळ खुर्ची टाकून बसायचे. निवृत्तीला आलेले, फार बोलायचे नाहीत. पहिल्या पाठाच्या आधी त्यांनी मला एकच सांगितलं. “प्रश्न विचारलात की खडू टेबलावर ठेवा. हातात खडू असला की हात उत्तर लिहायला धावतो.”

नववीला बाष्पीभवन होतं. मडक्यातलं पाणी गार का होतं, असं विचारलं आणि खडू ठेवला. वर्ग गप्प. बाहेर पत्र्यावर पाऊस. पहिल्या बाकावरच्या मुलीनं पुस्तकातलं वाक्य म्हणून टाकलं. बरोबरच होतं ते. मी मान हलवली आणि तशीच उभी राहिले. तेवढ्यात खिडकीकडचा एक मुलगा, जो कधी तोंड उघडायचा नाही, बसल्या बसल्याच म्हणाला, “टीचर, नवीन मडक्याला घाम येतंय. जुन्याचं पाणी एवढं गार होत नाही. त्याची भोकं मुजत्यात.”

खानापूरची माती तुला माहीतच आहे. कौलं आणि मडकी यांवर तिथं किती घरं चालली, कुंभारकामाचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्थाही खानापुरातच आहे. तो मुलगा कुंभाराचा. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन त्याची वाफ होते, वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं. आणि मडकं जुनं झालं की पाण्यातले क्षार बसून ती छिद्रं बुजतात. हे सगळं त्याला रोजच्या पाहण्यातून ठाऊक होतं, पुस्तकातलं ‘बाष्पीभवन’ तेवढं त्याला त्याच्या मडक्याशी जोडता आलं नव्हतं. मग मी विचारलं, पावसाळ्यात तेच मडकं उन्हाळ्याएवढा फरक का दाखवत नाही? आता चार-पाच हात वर आले. हवा आधीच ओली आहे टीचर, कपडे वाळत नाहीत तसंच. आर्द्रतेचा मुद्दा माझ्या टाचणात पुढच्या तासाला होता, पोरांनी तो त्याच तासाला ओढून आणला. निरीक्षकांनी वेळेचं नियोजन सुधारावे असा शेरा दिला. सर दारातून उठताना नुसते हसले.

पुढं इकडं आल्यावर शिकताना मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंचं काम वाचलं. 1970 च्या दशकात त्यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. हा वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली, ती मला फार लागली: शिक्षक ज्यांना कच्चं समजतात, त्यांच्यासाठी ते आणखी कमी थांबतात. ज्याला वेळ जास्त हवा, त्यालाच तो कमी.

तुझ्या वर्गात या तीन सेकंदांची किंमत आणखी मोठी आहे. कणकुंबी-जांबोटीकडचं पोर घरी गोव्याच्या अंगानं जाणारी बोली बोलतं, बाजारात कन्नड ऐकतं, पुस्तकात छापील मराठी वाचतं. उत्तर त्याला येत असतं, ते पुस्तकाच्या मराठीत बसवायला वेळ लागतो. त्याला आधी त्याच्या बोलीत सांगू दे. नंतर तेच वाक्य दोघं मिळून फळ्यावर परीक्षेच्या भाषेत लिहा, कारण एसएसएलसीच्या पेपरात त्याला तेच लिहायचं आहे. दोन्ही पायऱ्या हव्यात. फक्त पहिली केलीस तर त्याचे गुण जातील, फक्त दुसरी केलीस तर त्याचं समजणं जाईल.

इथं माझ्या शाळेतही तेच बघते. घरी गुजराती, सोमाली, पोलिश बोलणारी मुलं समोर असतात. शिकाऊ शिक्षकांना इकडं किमान दोन शाळांत मिळून 120 दिवस काढावे लागतात, त्यातले काही माझ्या हाताखाली येतात. शांततेची भीती सगळ्यांनाच सारखी वाटते, लेस्टर असो की खानापूर. त्यांनाही मी सरांचंच सांगते.

दादा म्हणत होते, मराठी शाळांची पटसंख्या घसरतेय, लोक इंग्रजी माध्यमाकडं वळतायत. मला त्याची काळजी वाटते. सीमाभागात मराठीसाठी मोर्चे निघतात, निघायलाही हवेत. पण बाप पोराला कुठल्या शाळेत घालायचं हे ठरवतो तेव्हा तो दहावीचा निकाल आणि गणित-विज्ञानाचा मास्तर बघतो. तू विज्ञान चांगलं शिकवलंस तर त्या गावात मराठी शाळेच्या बाजूनं बोलायला चार घरं तयार होतील. एवढं तुझ्या हातात आहे.

पहिला पाठ कुठल्या घटकावर पडतोय ते कळव. टाचणाचे फोटो पाठव, शनिवारी सकाळी मला सवड असते, बसून बघते. साधनं विकत आणू नकोस, मडकं, पत्रावळ, सायकलचा पंप हे सगळं गावात मिळतं. वहिनींना सांग, तुझ्यासोबत सुका खाऊ द्या, जांबोटीच्या रस्त्यावर पावसात बस अडकली की दोन-दोन तास हलत नाही. छत्रीपेक्षा रेनकोट घे.

तुझी,
आत्या