नळाला मिशा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जाहिरात आली की आपल्या पहिल्या पानावरून आधी व्यंगचित्राची चौकट उडते, हे जुन्या वाचकाच्या लक्षात येतंच. त्यावरून भांडायला हे पत्र नाही. एक सुचवायचं आहे.

मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एकदा सातवीतल्या एका मुलीनं भित्तिपत्रकासाठी पेन्सिलीनं नळ काढला. नळाला झुबकेदार मिशा, वर गंधाचा टिळा आणि तोटीला एकच थेंब, तोही लोंबकळत. खाली अक्षर नाही. मधल्या सुट्टीत शिपायापासून खिचडी शिजवणाऱ्या मावशींपर्यंत सगळे हसत होते. मिशा कुणाच्या, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक. सुट्टी संपायच्या आत मुख्याध्यापकांनी चित्र उतरवायला सांगितलं. उतरवलं मीच, हेही कबूल करतो.

फ्रान्सच्या राजाचा, लुई फिलिपचा, चेहरा बदलत बदलत नासपती कसा होतो, हे व्यंगचित्रकार शार्ल फिलिपाँ यांनी १८३१ साली भर कोर्टात काढून दाखवलं होतं. राजासारखं दिसणं हा गुन्हा, तर मग नासपतीवरही खटला भरा, असा त्यांचा बचाव. शिक्षा व्हायची ती झालीच, पण पुढं पॅरिसच्या भिंतींवर नासपती उमटू लागले. राजा काढायला हात बसलेला लागतो, नासपती कुणीही काढतं.

नाक मोठं केलं की झालं अर्कचित्र, असं लोकांना वाटतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला आम्ही प्रमाण शिकवतो. ते नेमकं कुठं मोडायचं, हे माणूस रोज पाहणाऱ्यालाच कळतं. आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनं प्रवेश नाकारला होता, हे मी मुलांना दरवर्षी सांगायचो. निकालाच्या दिवशी तर हमखास.

तर रविवारी वाचकांच्या पेन्सिलचित्रांना दोन कॉलम जागा द्या. विषय आपल्याच गल्लीतला असावा. फक्त एचबी पेन्सिलीची रेघ छापताना विरते, म्हणून फोर बी किंवा सिक्स बी वापरायला सांगा. फोटो खिडकीपाशी, स्वतःची सावली कागदावर न पाडता काढावा.

पहिलं चित्र त्या मुलीकडून आणवतो. ती आता तालुक्याला नोकरी करते. आमच्याकडे पाणी अजून तिसऱ्या दिवशीच येतं; मिशा तेवढ्या पांढऱ्या झाल्यात.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, जि. सातारा